परांचीचा खर्च वेगळा लिहा : घराला बाहेरून रंग देणाऱ्या मालकांना खुलं पत्र

प्रति,
यंदा दसरा-दिवाळीच्या आत घराला बाहेरून कलर मारून घ्यायचं ठरवलेले परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, वसमत आणि आसपासचे सर्व घरमालक

स. न. वि. वि.

पोळा सरला, गणपती बसले की माझ्या दुकानातली शेडकार्डं घरोघर फिरायला लागतात. तुम्ही येता, खुर्ची ओढून बसता आणि प्रश्न नेमके विचारता. वॉरंटी किती वर्षांची, एका लिटरमध्ये किती फूट होईल, पावसाच्या माऱ्याकडच्या भिंतीला वॉटरप्रूफिंग वेगळं लागेल का, वीस लिटरच्या बादलीवर काय सोडता. शेड वहिनी ठरवतात, भाव तुम्ही ठरवता. सगळं रीतसर. एकच प्रश्न या काउंटरवर येत नाही : जिन्याच्या खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत, टाकीखालच्या पट्टीपर्यंत, बोळाकडच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत रंगवणारा माणूस पोचणार कसा?

त्याला पोचवायला पैसे लागतात. ते पैसे कुठल्याच कागदावर लिहिलेले नसतात, म्हणून सगळ्यात आधी तेच कापले जातात.

भाव कसा ठरतो बघा. गुत्तेदार येतो, घराभोवती एक चक्कर मारतो, फुटाचा दर सांगतो. तुम्ही तिघांना बोलावता आणि सगळ्यात खालचा आकडा धरता. व्यवहार म्हणून यात वावगं काही नाही. पण पहिल्याने दर सांगताना लोखंडी परांची, म्हणजे उंचावर उभं राहायला भिंतीलगत बांधतात ती चौकट, भाड्याने आणायची धरलेली असते, दुसऱ्याने बांबू बांधायचे धरलेले असतात आणि तिसऱ्याने एक शिडी, एक दोर आणि देवावर भरवसा. तुमच्यासमोर मात्र तिघंही एकाच मापात येतात : इतके रुपये फूट. तिसरा स्वस्त पडतो तो रंगात नाही, मजुरीतही फारसा नाही. तो पोचण्यात स्वस्त पडतो. आणि काम तिसऱ्याला गेलं हे कळलं की पुढच्या घरी पहिलाही परांची सोडून देतो, कारण त्यालाही सण करायचा असतो. तिसरा काही वाईट माणूस नाही. आठवड्याच्या बाजाराला त्याला पोरांची हजेरी चुकती करायची असते, आणि तुम्ही दर पाडला तेव्हा त्याच्याकडे सोडण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती.

म्हणून माझं मागणं असं. कोटेशन घेताना ‘परांची व उंचीचं काम’ ही ओळ वेगळी लिहून मागा. त्यात भाडं, आणणं-नेणं, बांधणं-सोडणं, फळ्या, दोर, बेल्ट, सगळं आलं. रंगाच्या भावात घासाघीस करा, माझ्याशी तर करताच. या ओळीत करू नका. आणि ज्याच्या कागदावर ही ओळ रिकामी आहे त्याला सही करायच्या आधी विचारा, की मिस्त्री, वर जाणार कशानं.

हा प्रश्न आपल्या आजोबांना पडला नव्हता. माळवदाचं घर, दगड-मातीच्या रुंद भिंती, एकच मजला. दिवाळीच्या तोंडावर चुना भिजवायचा, कुंचा लांब काठीला बांधायचा आणि जमिनीवर उभं राहून भिंत पांढरी करायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दगड-मातीच्या भिंतींची धास्ती बसली आणि मराठवाड्यातलं घर सिमेंट-सळईकडे वळलं. ते योग्यच झालं. पण घर वर गेलं. दोन फुटांचं जोतं, दहा-दहा फुटांचे दोन मजले, तीन फुटांचा कठडा, झाले पंचवीस फूट. त्यावर जिन्याची खोली आठ फूट आणि तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी. शिवाय आता एलेव्हेशन हवं : आडव्या पट्ट्या, उभे पंख, खोल खाचा, त्या खाचांत वेगळा गडद रंग. नकाशावर ते झकास दिसतं. पाच-सात वर्षांनी तो गडद रंग उडतो तेव्हा अठ्ठावीस फुटांवरच्या त्या खाचेत ब्रश घालायला कुणीतरी जावं लागतं, आणि तो नकाशा काढणारे साहेब जात नाहीत.

आधी एक स्वस्त गोष्ट. जे काम वर न चढता होतं ते वर चढून करायचं नाही. रोलरच्या मुठीत आटे असतात, त्यात लांबवता येणारा दांडा बसतो. बारा फुटी दांडा आणि माणसाचे हात मिळून जमिनीवरून सोळा-सतरा फुटांपर्यंत रोलर फिरतो. गच्चीवर कठड्याच्या आत उभं राहून, बाहेर न वाकता, तोच दांडा खाली सोडला तर वरचे आठ-नऊ फूट होतात. सतरा आणि आठ म्हणजे पंचवीस. तीन फुटी बोळ, जिथे शिडी नीट लागतच नाही, तिथली भिंत अशी वरून-खालून मिळून होऊ शकते. दांड्याला कोन बदलणारी ब्रशची पकडही लावता येते, तिने छज्ज्याची खालची बाजू आणि कडा निघतात. मान दुखते, रंग अंगावर टपकतो, हात भरून येतात, वेळही जास्त जातो. पण पाय जमिनीवर असतात.

दांड्याने सगळं होत नाही, हेही आधीच सांगतो. भेगा चिरून भरायच्या असतात, फुगलेला जुना रंग पत्रीने खरवडायचा असतो, पुट्टी दाबून बसवायची असते, शेवाळ घासून काढायचं असतं. आपल्या काळ्या मातीत तर भेगा येणारच. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि घराला हलवत राहते. ही कामं भिंतीला हात लागल्याशिवाय होत नाहीत. पंधरा फुटांवर एका हातात पत्री धरून जोर लावायचा, तर दुसऱ्या हाताने शिडी धरून ते काम तासन्‌तास होणार नाही. तिथे परांचीच हवी. ‘नुसता वरवर एक हात मारायचाय’ असं जे म्हणतात त्यांनी आपली भिंत एकदा गच्चीवरून वाकून नाही, तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून खालून बघावी.

आता शिडी. शिडीवाचून चालत नाही हे मलाही कळतं. ती कशी लावायची त्याचा हिशेब सोपा आहे. चार फूट उंचीला एक फूट पाया. वीस फुटांवर शिडी टेकली असेल तर खालचे पाय भिंतीपासून पाच फूट लांब हवेत. मोजपट्टी नको : शिडीच्या पायाशी बुटांची टोकं टेकवून सरळ उभं राहायचं, हात खांद्याच्या रेषेत पुढे करायचे; तळवे पायरीवर अलगद टेकले तर कोन बरोबर. आता तीन फुटी बोळात पाच फूट पाया कुठून आणणार? म्हणून तिथे शिडी जवळजवळ उभी लागते आणि वर माणूस मागे झुकला की सगळंच मागे येतं. बोळात दांडा वापरा म्हणतो ते यासाठी.

गच्चीवर उतरायचं असेल तर शिडी कडेच्या वर तीन फूट निघायला हवी, म्हणजे उतरताना धरायला काहीतरी राहतं. वरच्या तीन पायऱ्यांवर पाय नाही. जोडशिडी असेल तर दोन भाग एकमेकांवर किमान तीन फूट चढलेले हवेत. वरचं टोक बांधलेलं हवं, आणि ते खिडकीच्या बाहेरच्या जाळीला नाही, कारण जाळी चार स्क्रूवर लटकलेली असते. खिडकीच्या आतून, चौकटीपेक्षा लांब असा आडवा बांबू लावायचा आणि दोर त्याला घालायचा. मग भिंतच शिडी धरून ठेवते. पत्र्याच्या पन्हाळीवर किंवा काचेवर शिडी टेकवायची नाही. शिडीला वर आडवे हात जोडता येतात, ते भिंतीला टेकतात. अंग कडेला किती न्यायचं? कमरेच्या पट्ट्याचं बक्कल शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मध्येच राहिलं पाहिजे. पलीकडचा कोपरा हाताला आला नाही तर खाली उतरून शिडी सरकवायची. इथे तुमचा संबंध येतो, मालक. तो चौथ्यांदा उतरून शिडी सरकवतो तेव्हा ओसरीतून आवाज येतो : ‘काय रे, नुसतं खाली-वर चाललंय.’ तो आवाज देऊ नका.

शिडीचे पाय कशावर आहेत ते मात्र रोज बघा. परतीचा पाऊस होऊन गेलेला असतो, वरून माती सुकलेली दिसते, आत लोणी. सकाळी नीट लावलेली शिडी दुपारपर्यंत एका पायाने दोन इंच खाली जाते, आणि खाली दोन इंच म्हणजे वर फूट-दोन फूट कलणं. दोन्ही पायांखाली मिळून एक रुंद फळी टाका, ती घसरू नये म्हणून खुंट्या ठोका. एकाच पायाखाली वीट, फरशीचा तुकडा, पेंटचा रिकामा डबा, हे प्रकार आपल्याकडे सर्रास चालतात. ते तुमच्या अंगणात चालू देऊ नका. पायऱ्यांवर शिडी लावायची वेळ आली तर खालीवर होणारा पाय असलेली शिडी मिळते, नसेल तर तिथे छोटी परांची.

आणि एक गंमत. रंगवणाऱ्याची लाकडी किंवा बांबूची शिडी रंगवलेली असेल तर ती परत पाठवा. रंगाखाली तडा दिसत नाही. शिडीला फार तर पारदर्शक वार्निश.

छज्जा हा पावसासाठी असतो. दोन माणसं, बादली आणि पुट्टीचं पोतं पेलायला तो बांधलेला नसतो, तरी आपल्याकडे पहिल्या मजल्याची अर्धी भिंत छज्ज्यावर उभं राहूनच रंगते. वीस लिटरची भरलेली बादलीच पंचवीस किलोंच्या पुढे जाते. घर जुनं, छज्ज्याच्या पोटातून प्लास्टर निघालेलं, सळई तांबडी दिसतेय, वर शेवाळ, तर त्यावर मांजरही चढवू नका. पोर्चवर किंवा गोठ्यावर सिमेंटचे पत्रे असतील तर त्यावर पाय देणं म्हणजे सरळ खाली जाणं. पत्रा मोडताना आवाजही आधी देत नाही. तिथे काम करायचंच तर पत्र्यांखालच्या आधारांवर पेलेल अशी लांब फळी आडवी टाकून तिच्यावरूनच, नाहीतर पत्र्याच्या बाहेरून. कठड्याची बाहेरची बाजू करायला दोन्हीकडे पाय सोडून कठड्यावर बसणारे मी पाहिलेत. त्यांना खाली बोलवा, चहा द्या आणि दांडा द्या.

परांचीचं म्हणाल तर ती बांबूची असो की लोखंडी, बघायच्या जागा त्याच. उभे बांबू जमिनीत गाडलेले किंवा खाली फळीवर टेकलेले. तिरप्या कैच्या आहेत का. नुसते उभे-आडवे बांबू असतील तर ती चौकट ढकलली की कलते. प्रत्येक मजल्यावर खिडकीतून आत बांधलेली आहे का. उभं राहायला एक फळी पुरत नाही, दोन शेजारी हव्यात आणि दोन्ही टोकांना बांधलेल्या. फळीचं टोक आधाराच्या बाहेर फूटभराहून जास्त निघालेलं असेल तर त्या टोकावर पाय पडताच दुसरं टोक उचलतं. परांची जागची हलत नाही, माणूस तेवढा खाली येतो. पाठीमागे कमरेच्या उंचीला आडवा बांबू आणि त्याच्या निम्म्यावर दुसरा. दोर सडलेला नसावा. मागच्या पावसात भिजलेला काथ्या हाताने चुरगाळून बघितला की कळतं. लोखंडी चौकटींचा चाकांवरचा मनोरा भाड्याने मिळतो, एका मजल्याच्या घराला तो फार सोयीचा. पण चार फूट पाया असेल तर बाहेर मोकळ्यावर तो बारा फुटांच्या वर नेऊ नका, न्यायचाच तर घराला बांधा. चाकांचे ब्रेक लावलेले हवेत, आणि सरकवताना वर माणूस नको. वरून ‘ढकल रे’ म्हणणारा एक तरी असतोच.

ज्याला अधिकृत आधार हवा त्याच्यासाठी : परांची आणि शिडीच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३६९६, पहिला भाग परांचीचा, दुसरा शिडीचा. तुमच्या इंजिनिअरला हा क्रमांक सांगा, त्यांनी शिकताना ऐकलेला असेल.

मग उरतो झुला. गच्चीवरून दोन दोर, खाली एक फळी, तिच्यावर माणूस. बोळात आणि मागच्या भिंतीला हाच चालतो, कारण स्वस्त पडतो. माझं मत विचाराल तर दुमजली घराला झुला नकोच. तरीही तो आला, तर निदान एवढं बघा : झुल्याचे दोर एकीकडे बांधलेले आणि माणसाच्या अंगावरच्या बेल्टचा दोर दुसरीकडे, स्वतंत्र. एका गाठीवर दोन्ही असतील तर ती गाठ सुटल्यावर बेल्ट कशाला? गच्चीवर बांधायला काय असतं तेही डोळ्यांनी बघून या. डिशचा खांब, सोलरचं स्टँड, टाकीचा प्लॅस्टिकचा पाइप, पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या आणि आता गंजून गेलेल्या सळया, यांतलं काही चालत नाही. जिन्याच्या खोलीच्या सिमेंटच्या कॉलमला बुडाशी दोर फिरवून बांधायचा. कठड्याच्या कडेवर तो घासला जातो तिथे पोत्याची जाड घडी घालायची.

बेल्टबद्दल एक गैरसमज आहे. कमरेला बांधायचा नुसता पट्टा पडताना कंबर मोडतो नाहीतर माणूस त्यातून निसटतो. मांड्या, कंबर, खांदे धरणारा पूर्ण हार्नेस हवा, त्यावर आयएस ३५२१ लिहिलेलं बघा. पण हार्नेस घातला म्हणजे झालं असंही नाही. सहा फुटी दोर, झटका शोषणारी घडी उलगडली की आणखी साडेतीन-चार फूट, त्याखाली माणसाचं अंग : हुकापासून खाली साधारण अठरा फूट मोकळे लागतात. पहिल्या मजल्याच्या छज्ज्याजवळ हुक लावला तर दोर ताणायच्या आधी माणूस फरशीवर. म्हणून कमी उंचीवर दोर आखूडच ठेवायचा, इतका की कडेपर्यंत जाताच येऊ नये. आणि कुणी हार्नेसमध्ये लटकून राहिलाच तर त्याला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं, पट्ट्यांनी पायातलं रक्त अडतं. खाली दुसरा माणूस हवा तो एवढ्यासाठी; एकट्याला उंचीवर लावून शेतावर निघून जाऊ नका.

विजेबद्दल मी जरा कडकच बोलणार आहे. मी विकतो त्यातले बरेचसे दांडे लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे आहेत. ॲल्युमिनियमची शिडी हलकी म्हणून सगळ्यांना आवडते. आणि गल्लीतून ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, उघडी तार गेलेली असते. नियमाने त्या तारेपासून घर आडवं किमान १.२ मीटर लांब हवं, म्हणजे चार फूट. तुम्ही गॅलरी बाहेर काढलीत त्या दिवशी त्यातले किती उरले ते तुम्हालाच ठाऊक. समजा चार फूट पुरते आहेत. माणसाच्या हातात बारा फुटांचा दांडा आहे. दांड्याचं किंवा शिडीचं टोक जिथवर पोचतं तिथून तार दहा फुटांच्या आत असेल तर त्या बाजूला धातूचा दांडा नाही, धातूची शिडी नाही, आणि महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज देऊन तेवढा वेळ पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय काम नाही. १९१२ हा त्यांचा नंबर. घराला येणारी सर्व्हिस वायर उन्हाने तडकलेली असते, तीही खांबावरून बंद करून घ्या. अर्ज गुत्तेदाराने करायचा नसतो, मीटर तुमच्या नावावर आहे.

आता वेळेचं. नवरात्रात आपल्याकडे कामाला सगळ्यात जास्त जोर असतो आणि नेमके त्याच नऊ दिवसांत निम्मे कारागीर उपवास करतात, काही अनवाणी राहतात. रमजानात रोजा धरणारे मिस्त्री आहेत, ते दिवसभर पाणीही घेत नाहीत. श्रद्धेचा मान ठेवूनच काम लावता येतं : उंचीवरचं सगळं सकाळी सात ते अकरा, त्यानंतर जमिनीवरून होणारं, ग्रील, दरवाजे, कुंपण. ऑक्टोबरचं ऊन पाठीवर घेऊन, रिकाम्या पोटी, अनवाणी पायाने शिडीच्या गोल पायरीवर उभं राहिलेल्या माणसाला भोवळ आली तर दोष कुणाचा, हा वाद नंतर घालण्यात अर्थ नाही. रंगालाही हेच मानवतं. तापलेल्या भिंतीवर रंग लावल्याबरोबर वाळतो, ब्रश ओढला जातो, पट्टे उठतात. उपवास-रोजाचे दिवस नसतील तेव्हा पश्चिमेची भिंत सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर, म्हणजे माणूसही सावलीत आणि रंगही. दुपारनंतर ढग भरून आले तर सगळे खाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर घ्या, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की ते सांगतं. शेतकऱ्यांना हे सांगावं लागत नाही, शहरातल्यांना लागतं.

या सगळ्यावर देखरेख करायला कुणी येणार आहे का? नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने माणसाच्या स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम बाहेरच ठेवलं होतं. तुमचं रंगकाम त्याच्या कितीतरी खाली. म्हणजे गल्लीत तपासायला साहेब येत नाही, तुम्हीच साहेब. त्याच कायद्यातून आलेलं महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ मात्र रंगकाम करणाऱ्यालाही कामगार मानतं. वय १८ ते ६०, मागच्या वर्षभरात ९० दिवस काम, एवढ्यावर नोंदणी होते. नोंदणी असेल आणि कामावर मृत्यू आला तर वारसांना पाच लाख मिळतात. मंडळाकडून मिळणाऱ्या सुरक्षा संचात हेल्मेट असतं, हार्नेसही असतो. तो संच पुष्कळांच्या घरी कपाटावर पडलाय, कारण तो घालून काम केलं की बाकीचे हसतात आणि मालक म्हणतो वेळ लागतो. कामाच्या पहिल्या दिवशी सांगा, ‘मामा, ती पेटी घेऊन या.’ मालकाने म्हटलं की कुणी हसत नाही. आणि ज्याची नोंदणी नाही त्याला ९० दिवसांचा दाखला कुठे मिळतो ते विचारून द्या. गावात ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक), शहरात महापालिका-नगरपालिका. तुम्ही शिकलेले आहात, त्याचा एक हेलपाटा वाचेल.

कुणी पडलाच तर हातपाय धरून रिक्षात टाकू नका, पाणी पाजू नका, उठवून बसवू नका. मान आहे तशी धरून ठेवा आणि १०८ लावा. एवढी एक गोष्ट घरातल्या लेकरांनाही सांगून ठेवा, कारण दुपारी घरी तीच असतात.

ज्यांचं घर अजून बांधायचं आहे त्यांना दोन शब्द, कारण पुढच्या वीस वर्षांचा खर्च तिथेच ठरतो. स्लॅबच्या वेळी इंजिनिअरला सांगून कठड्याखालच्या बीममध्ये जाड सळईचे हुक सोडून घ्या, गंज न धरणारे. जिन्याच्या खोलीवर जायला भिंतीत लोखंडी पायऱ्या बसवा. जिथे हात पोचणार नाही तिथे रंग मागणारं काहीच ठेवू नका. तिथे दगड लावा, नाहीतर सरळ सपाट भिंत राहू द्या. एलेव्हेशनच्या खाचा हव्यातच तर त्या खिडकीतून हात पोचेल अशा जागी. आणि शेजाऱ्याशी बोळावरून भांडण असेल तर ते रंगाच्या आधी मिटवा. त्याच्या अंगणात परांचीचे चार पाय टेकवू दिले तर तुमचं निम्मं अवघड काम सोपं होतं. पुढच्या वर्षी त्यालाही तुमच्या अंगणात टेकवायचे असतात.

माझ्या दुकानात येत्या घटस्थापनेपासून कोटेशनचा एक कोरा नमुना ठेवलेला असेल. रंग वेगळा, मजुरी वेगळी, परांची व उंचीचं काम वेगळं. रंग माझ्याकडून घेतला नाही तरी तो कागद घेऊन जा. बारा फुटी दांडे चार आहेत, त्यातले दोन फायबरचे. अनामत ठेवून न्या, काम झालं की धुऊन परत आणून द्या. वाळलेला रंग चिकटलेला दांडा मी परत घेत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आपला,
रंगाच्या दुकानाचा एक मालक, परभणी

ता. क. टाकीखाली किंवा छज्ज्याच्या पोटात आग्या मोहोळ असेल तर ते काम सुरू व्हायच्या आधी जाणत्या माणसाकडून, संध्याकाळ उलटल्यावर काढून घ्या. शिडीवरच्या माणसाला ‘जाता जाता तेवढं पाड’ म्हणू नका. माशा उठल्यावर जमिनीवरचा माणूस पळतो, शिडीवरच्याला पळायला एकच दिशा असते.